शेजारचं विमान

संध्याकाळची पुणे-दिल्ली फ्लाइट. आठवडाभर डेडलाइननं पिळून काढलेलं, कानात हेडफोन आणि नशिबानं विंडो सीट. दिल्लीचे दिवे दिसायला लागले म्हणून खिडकीला नाक लावलं... आणि समोर दुसरं विमान!

लांबचा ठिपका वगैरे नाही. चक्क विमान. पंख, शेपटी, लुकलुकणारा दिवा आणि खिडक्यांची पिवळी रांग. जायची दिशा आमचीच, उंची आमच्याएवढीच, आणि ते जागचं हलतच नव्हतं. दोघंही ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावणार, म्हणजे एकमेकांना थांबल्यासारखेच दिसणार, हे शहाणपण नंतर सुचलं. त्या क्षणी फक्त सीटचा हात घट्ट धरला. शेजारचा गृहस्थ लॅपटॉपवरच्या एक्सेल शीटमध्ये गुंग.

आणि मग, जमीन अगदी हाताशी आलेली असताना, इंजिनांनी एकदम आवाज चढवला. पाठ सीटला चिकटली. दिवे पुन्हा खाली खाली जायला लागले. एक्सेल शीटवाल्यानं पहिल्यांदाच मान वर केली. दोन मिनिटांनी कॅप्टनचा शांत आवाज आला. पुढचं विमान धावपट्टीवरून वेळेत बाहेर पडलं नव्हतं, म्हणून आपण आणखी एक फेरी मारून उतरतोय. वीसेक मिनिटांनी उतरलोसुद्धा.

रात्री सांगलीहून आईचा फोन. ‘पोचलीस का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ एवढंच असतं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं. पण मी सगळं सांगून बसले.

पलीकडे शांतता. मग, ‘मी आपली गोवा एक्सप्रेसनंच जाते बाई.’

इथंच घोळ झाला. ताई दिल्लीला असते. पहिलं बाळंतपण, पण डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केलेली, त्यामुळे ती माहेरी येण्याऐवजी माहेरच तिच्याकडे जाणार होतं. जावयाचा फोन आला की त्याच दिवशी आई तिथं हवी. गोवा एक्सप्रेस आपल्या सांगली-साताऱ्यावरूनच जाते हे खरं, पण दिल्ली गाठायला दीड दिवसाच्या आसपास लागतो. आईला विमानात बसवायचं मी मोठ्या मुश्किलीनं कबूल करून घेतलं होतं. आणि आता मीच माती केली होती.

आईचा पेपर

पुढच्या वीकेन्डला विश्रामबागच्या घरी भडंगाची वाटी मध्ये ठेवून आईनं परीक्षा घेतली.

‘एकाला उतरू द्यायचं, मग दुसऱ्याला. दोघांना शेजारीशेजारी कशाला सोडतात?’

‘अगं, सगळं कॉम्प्युटरवर असतं.’

‘आपल्या बँकेतपण कॉम्प्युटरच हाईत. परवा दोन तास बसवलं मला.’

मग खरा प्रश्न. ‘आणि त्यातल्या एकाचं तोंड जरा वळलं तर?’

मला उत्तर येत नव्हतं. महिन्याला दोन वेळा विमानात बसणारी मी, पण आपण ज्या गोष्टीवर एवढा भरवसा टाकतो ती चालते कशी, हे कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलंय? मग त्या आठवड्यात लंच टाइम त्यालाच दिला. आईला खोटा धीर द्यायचा नव्हता. खरं उत्तर भीतिदायक निघालं असतं, तर तिला रेल्वेचं तिकीट काढून द्यायचं, हेही ठरवलं होतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. गर्दी! मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच चालवावी लागते. त्या एकीवर डिसेंबर २०१८ मध्ये २४ तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली. म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एक. याच्या पुढं किती ताणणार? धावपट्ट्या समांतर असल्या तर दोन्ही एकाच वेळी वापरता येतात. दिल्लीत २०२३ पासून चार धावपट्ट्या आहेत, जवळपास समांतर. बंगळूरला २०१९ पासून दोन.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला पुणे-बंगळूर हायवेवर सापडलं.

खंबाटकीचा धडा

आईला घेऊन सांगलीहून पुण्याला निघाले. ऊसाचा सीझन. पेठ नाक्यापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. अशा ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना आपण काय करतो? त्याच्या लेनमध्ये तर जात नाहीच, पण शक्य तेवढे लांबूनही जातो. कारण मागची ट्रॉली कधी झोकांडी खाईल याचा नेम नसतो. तो चूक करेल असं धरूनच आपण जागा सोडतो.

साताऱ्यात मावशीकडे चहाला थांबलो. काका एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आईनं त्यांच्यापुढे माझी तक्रार मांडली. काकांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, ‘ताई, दोन गाड्यांतलं अंतर म्हणजे जागा नव्हं. अंतर म्हणजे ब्रेक मारायला मिळालेला वेळ.’

बॉस! आठवडाभर मी जे वाचत होते ते काकांनी एका घोटात सांगितलं.

पुढं खंबाटकी. पुण्याहून येताना घाट, पुण्याला जाताना बोगदा, अशी वर्षानुवर्षांची सवय असलेली आपण माणसं. समोरासमोरची धडक टाळायचा सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे येणारे आणि जाणारे यांची वाटच वेगळी करायची. विमानांनाही हा धडा मिळाला, पण त्याची किंमत फार मोठी होती.

१२ नोव्हेंबर १९९६. आईच्या मनातली भीती त्या दिवसाची आहे. दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग ७४७ आणि दिल्लीला येणारं कझाकस्तानचं विमान हरियाणातल्या चरखी दादरीवर आकाशात धडकलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याच्याही खाली आलं. पण त्याला दुसरी बाजू आहे. येणारी आणि जाणारी विमानं तेव्हा एकाच वाटेनं ये-जा करत होती. आणि कंट्रोलरच्या रडारवर विमानाची जागा दिसायची, उंची दिसायची नाही. उंची पायलट सांगेल तीच खरी धरायची.

त्यानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं आणि विमानात टीकॅस हे यंत्र सक्तीचं झालं. दोन विमानांतली ही यंत्रं आपापसात बोलतात आणि एकाच्या पायलटला ‘वर जा’, तर दुसऱ्याच्या पायलटला ‘खाली जा’ असं सांगतात. पण एक मेख आहे. जमिनीपासून हजारेक फुटांच्या खाली टीकॅस हे आदेश देत नाही, कारण तिथं ‘खाली जा’ म्हणजे जमिनीवरच आपटणं. म्हणजे उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात हा अंगरक्षक रजेवर! मग तिथं काय?

मधली पट्टी

तिथं काकांचं सूत्र लागू होतं. जागा म्हणजे वेळ.

दोन विमानांना एकमेकांची पर्वा न करता शेजारीशेजारी उतरू द्यायचं असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत किमान १,०३५ मीटर अंतर लागतं. म्हणजे किलोमीटरहून थोडं जास्त. आणि या दोन वाटांच्या बरोबर मधोमध किमान ६१० मीटर रुंदीचा एक पट्टा असतो. आकाशात आखलेला नाही, फक्त कंट्रोलरच्या पडद्यावर. त्याचं नाव ‘नो ट्रान्सग्रेशन झोन’. आपल्या भाषेत, पाऊल टाकायचं नाही असा पट्टा.

जरा हिशेब करू. उतरणारं जेट सेकंदाला ७० मीटरच्या आसपास जातं. समजा ते वाट चुकून ३० अंशांनी शेजाऱ्याकडे वळलं. मग ते बाजूला सरकतं सेकंदाला साधारण ३५ मीटर. मधल्या पट्ट्यापर्यंत पोचायला सहा सेकंद. तिथून शेजाऱ्याच्या वाटेपर्यंत आणखी २३-२४ सेकंद. एकूण अर्ध्या मिनिटाच्या आत. ही आहे सगळी पुंजी! ‘अरे, हा कुठं चाललाय’ हे कळणं, माईक दाबून बोलणं, पायलटनं ऐकणं आणि दोनशे माणसांचं विमान वळणं, सगळं त्यात बसवायचं.

म्हणूनच हे काम कोणाच्या ‘लक्ष असू दे हं’ वर सोडलेलं नाही. थर आहेत:

पहिला थर उंचीचा. दोन्ही विमानं आपापल्या रेषेवर स्थिर होईपर्यंत त्यांच्यात एक हजार फूट उंचीचा किंवा तीन नॉटिकल मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर अंतराचा फरक ठेवतात. एक वरून येतं, एक खालून. कारण वळताना रेषा ओलांडून पलीकडे जाण्याचा धोका सर्वात जास्त.

दुसरा थर, वेगळी नजर. शेवटच्या टप्प्यात प्रत्येक धावपट्टीसाठी स्वतंत्र कंट्रोलर पडद्यावर डोळे लावून असतो. विमान रेषेवर आहे ना, एवढंच त्याचं काम.

तिसरा थर, पळवाट आधीच ठरलेली. उतरणं रद्द करून पुन्हा वर जायचं झालं तर दोन्ही विमानांच्या वाटा एकमेकींपासून किमान ३० अंशांनी फाकतात. घाबरून दोघंही एकाच बाजूला पळाले, असं व्हायला नको.

आणि धावपट्ट्यांत १,०३५ मीटर नसले तर? ९१५ मीटरपर्यंत चालतं, पण मग शेजारीशेजारी नाही. एक पुढं, एक मागं, आणि दोघांत तिरपं अंतर राखायचं. मूळ नियमात ते दोन नॉटिकल मैल, म्हणजे पावणेचार किलोमीटरच्या आसपास. जागा कमी पडली की वेळ दुसरीकडून आणायचा!

चूक त्याची, वळायचं आपण

या सगळ्यात एका नियमानं मला थांबवलं. एखादं विमान त्या मधल्या पट्ट्यात शिरलं, तर कंट्रोलर शेजारच्या, म्हणजे अगदी सरळ चाललेल्या विमानाला लगेच वर चढून बाजूला वळायला सांगतो. चुकलेल्याला परत बोलावतातच, पण तो ऐकेल की नाही यावर शेजाऱ्याचा जीव टांगून ठेवत नाहीत. कदाचित त्याचं यंत्र बिघडलं असेल, कदाचित तो ऐकतच नसेल. जो ऐकतोय त्याला आधी हलवायचं.

मी हे आईला सांगत होते तेव्हा तीच म्हणाली, ‘मग तुझ्या विमानानं केलं ते बरंच केलं की.’

हो की! त्या रात्री माझ्या विमानाला वर का जावं लागलं याचं कारण वेगळं होतं, पण हत्यार तेच होतं. गो-अराऊंड. मी ज्याला ‘थोडक्यात वाचलो’ म्हणत होते, ती वाचवणारी यंत्रणाच होती. ऑफिसमध्ये आपण काय करतो? प्रेझेंटेशन फसतंय हे दिसत असतं, पण क्लायंट समोर बसलाय म्हणून रेटून नेतो. पायलटला उलटं शिकवतात. शंका आली की वर जा, स्पष्टीकरण नंतर.

जिथं धागा सुटला

सगळं एवढं चोख आहे, तर चुका होत नाहीत का? होतात. आईला खरं सांगायचं ठरलं होतं, म्हणून हेही सांगितलं.

७ जानेवारी २०२२, बंगळूर. उत्तरेच्या धावपट्टीवरून उड्डाणं, दक्षिणेच्या धावपट्टीवर उतरणं, असं चाललं होतं. मग शिफ्टच्या प्रमुखानं ठरवलं की सगळं काम उत्तरेच्या धावपट्टीवरच घ्यायचं. हा निरोप दक्षिण टॉवरच्या कंट्रोलरपर्यंत पोचलाच नाही. दोघांनी आपापल्या विमानाला परवानगी दिली. कोलकात्याचं एक, भुवनेश्वरचं एक. दोन्ही एकाच वेळी उडाली आणि एकमेकांच्या दिशेनं यायला लागली. रडारवरच्या कंट्रोलरला ते दिसलं, त्यानं दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं. चारशेहून जास्त माणसं होती. धावपट्ट्यांतलं अंतर पुरेसं होतं. कमी पडला तो शेजारच्या टेबलापर्यंत न पोचलेला एक निरोप. ‘मला वाटलं त्याला माहीत असेल’ हे वाक्य आपण ऑफिसात दिवसातून किती वेळा म्हणतो?

७ जुलै २०१७, सॅन फ्रान्सिस्को. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक रात्री दुरुस्तीसाठी बंद, तिचे दिवे विझवलेले. टोरांटोहून आलेल्या विमानाच्या पायलटना नेहमीप्रमाणे दोन धावपट्ट्या दिसतील असं वाटत होतं. म्हणून त्यांनी उघडी धावपट्टी ही बंदवाली समजली आणि तिच्या शेजारचा टॅक्सीवे ही उतरायची धावपट्टी समजली. टॅक्सीवेवर चार विमानं रांगेत उभी होती. जमिनीपासून साधारण ६० फुटांवरून ते विमान पुन्हा वर गेलं.

आणि २३ नोव्हेंबर २०२५, आपली दिल्ली. काबूलहून आलेल्या विमानाला २९ डावीवर उतरायची परवानगी होती, ते उतरलं शेजारच्या २९ उजवीवर, जिथून विमानं उडत होती. कोणाला इजा झाली नाही. पण ‘डावी’ आणि ‘उजवी’ हे दोन शब्द किती वजनाचे आहेत ते कळलं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींत एक साम्य दिसतं. यंत्र किंवा धावपट्टीपेक्षा माणसाचं गृहीत धरणं घात करायला निघालं होतं. बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्कोत आपत्ती टळली ती कोणीतरी वेळेत ‘हे बरोबर दिसत नाही’ असं ओळखल्यामुळे, आणि ओळखल्यावर हालचाल करायला काही सेकंद शिल्लक होते म्हणून.

आता आपल्या दारात

सांगली-सातारकरांनी एवढा विचार का करायचा? कऱ्हाडला कोयना प्रकल्पाच्या काळातली छोटी धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरचीही जुनी आहे. पण आपलं विमान सुटतं पुण्याहून, कोल्हापूरहून, नाहीतर मुंबईहून. आणि आता नवी मुंबईहूनही. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. सुरुवात एका धावपट्टीवर, पण आराखडा दोन समांतर धावपट्ट्यांचा, प्रत्येकी ३,७०० मीटरची. दोघींत अंतर १,५५० मीटर.

मूळ आराखड्यात ते १,८३५ मीटर होतं. खारफुटी आणि गाढी नदी यांचा विचार करून कमी झालं. तरी १,०३५ च्या वरच. मघाच्याच हिशेबानं अर्ध्या मिनिटाच्या जागी साधारण ४४ सेकंद. नदीला जागा दिली आणि विमानांनाही वेळ राहिला. दुसरी धावपट्टी झाली की तिथं उतरताना खिडकीत शेजारचं विमान दिसेल. तेव्हा माझ्यासारखं करू नका!

विंडो सीटवाल्यांसाठी

- शेजारचं विमान स्थिर दिसलं तर घाबरू नका. वेग सारखा असला की तसंच दिसतं. आकाशात झाडं-खांब नसल्यानं अंतराचा अंदाजही फसतो.
- ते थोडं पुढं, मागं किंवा वर दिसलं तर तेही बऱ्याचदा मुद्दाम ठरवलेलं असतं.
- विमान उतरता उतरता वर गेलं तर ती नेहमीच्या सरावातली गोष्ट आहे. कॅप्टन लगेच बोलला नाही म्हणजे संकट आहे असं नाही. त्याचे हात कामात आहेत.
- पट्टा बांधा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा, बाकी त्यांच्यावर सोडा.
- आणि घरी फोन केल्यावर ‘पोचले’ एवढंच सांगा!

‘ते बघ’

जावयाचा फोन पहाटे आला. दुपारी आम्ही लोहगावला होतो. आईच्या पर्समध्ये बाळासाठी शिवलेली दुपटी, हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा आणि तोंडानं रामरक्षा. मी तिला विंडो सीट दिली. नको म्हणत होती, पण बसली.

दिल्ली जवळ आली. मी मुद्दाम काही बोलले नाही. तिनंच माझा हात दाबला. ‘ते बघ.’ खिडकीबाहेर, बऱ्याच लांब, आमच्यासारखंच एक विमान खाली येत होतं.

‘भीती वाटतीय?’ मी विचारलं.

‘वाटतीय की,’ ती म्हणाली. नजर मात्र तिकडेच. ‘पण मध्ये जागा सोडलीय त्यांनी.’

चाकं टेकली. आईनं पुडा सोडून पहिला पेढा शेजारच्या अनोळखी माणसाला दिला. फोन सुरू केला तर मेसेज येऊन पडला होता. मुलगी झाली होती, वीस मिनिटांपूर्वी.